पडघान सर आणि समोरच्या पोरी

सर, पूनमचा फोन आला तेव्हा माझ्या बोटांना गोंद लागलेला होता. साडीच्या काठावर खडे चिकटवत बसले होते. ती म्हणाली, "सर गेले व कांचन." मी विचारलं, "कोनते सर?" जसे काही माझ्या आयुष्यात सर पुष्कळच होते. नववीत शाळा सुटली, त्यानंतर 'सर' म्हणून हाक मारली ती एकट्या तुम्हालाच. तरी तोंडातून तेच निघालं. पूनम नुसती रडत राहिली. मला तर रडूही आलं नाही. बोटांना चिकटलेला एक खडा काढत बसले. तो काही निघेना.

मी आले नाही सर. सुरतेहून भुसावळ, मग खामगाव, मग तिथून गाडी मिळेल तशी. पोचेपर्यंत राख सावडूनही झाली असती. हे म्हणाले, "जायाचं आसन तं जाऊ, सुट्टी टाकतो." मी म्हटलं, "आता जाऊन कोनाले भेटू?" नंतर वाटलं, जायलाच पाहिजे होतं. भेटायला कोणी नसलं तरी मैदान तर होतं. पण मी अशीच आहे, तुम्हाला माहीत आहे. निघायच्या आधीच परत यायची काळजी लागते मला.

तुमचा जन्म कधीचा, नोकरीला कधी लागले, किती ढाली आणल्या, हे सगळं कॉलेजच्या अंकात इतर लोक लिहितील. पूनम कॉलेजच्या संघाची, ती म्हणाली, तूही लिही. मी म्हटलं, मी कॉलेजची नाही. ती म्हणाली, "समोरच्याइकडून कोनीतं लिहाले पाह्यजे ना." म्हणून लिहिते. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, ती तुम्ही गेल्यानंतरची आहे. समोरचा संघ आता राहतो का मोडतो, असा प्रश्न आला होता. तो संघ तुम्ही उभा केला, त्यामुळं त्याचं काय झालं हे दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

वाचणाऱ्यांना समोरचा संघ म्हणजे काय ते कळणार नाही, तेवढं सांगून घेते. रोडला लागून आपलं लहानसं कॉलेज, आणि आत दीड मैलावर आमचं गाव. कॉलेजात पोरीच कमी. खो-खोला एक संघ कसाबसा जमायचा, पण सरावाला दुसरा संघ कुठून आणायचा? मोठ्या कॉलेजात दोन-दोन संघ बनतात, आपल्याकडं एकालाच मारामार. आम्ही गावच्या पाच-सहा पोरी तेव्हा मैदानाच्या तारेच्या बाहेर गवत कापायला यायचो. विळा चालायचा आणि तोंडही चालायचं. "अव उठ ना माय, बसली काय अंडे उबवत!" "हे पाह्य, हिले खो देला तं ही इकडंतिकडंच पाह्यते!" कॉलेजच्या पोरी चिडायच्या. तुम्ही शिट्टी तोंडातून काढली आणि तारेपाशी आले.

"लय समजते का व तुमाले?"

मी तर खाली बसूनच गेले गवतात.

"नाई, समजते तं या ना आत. विळे राहू द्या तिथंच."

आम्ही अनवाणी, ओढण्या कंबरेला बांधलेल्या, हाताला गवताचा वास. पहिल्याच डावात तुमच्या कॉलेजच्या पोरींना आम्ही दमवलं. मला तर कोणी शिवलंच नाही शेवटपर्यंत. तुम्ही जवळ आले आणि विचारलं, "कितवीत हायेस?" मी म्हटलं, "नाई शिकत." तुम्ही म्हणाले, "बरं." बास, एवढंच. त्या 'बरं'साठी मी तुमचे आभार मानायला पाहिजे होते. दुसरा कोणी असता तर 'काऊन' विचारलं असतं, आणि मला सगळं सांगावं लागलं असतं. मायचं कंबरेचं दुखणं, भाजीचा मळा, धाकटे दोघे. तुम्ही ते हळूहळू आपोआप समजून घेतलं.

रोज संध्याकाळी यायचं म्हटलं तर मायचा विरोध. उद्याच्या बाजाराच्या मेथीच्या जुड्या संध्याकाळीच बांधाव्या लागतात. तुम्ही मळ्यात आले. पँट वर दुमडली आणि मायसमोर बसले.

"पोरीले एक घंटा द्या. तिच्या वाटच्या जुड्या मी बांधतो."

मायनं तुमच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तुम्ही जुड्या बांधल्या. पहिली उचलली तर सगळी मेथी मांडीवर. दुसरी उचलली तर मधूनच फाकली. माय एकेक जुडी सोडायची आणि परत बांधायची. शेवटी म्हणाली, "सर, तुमी खो-खोच शिकवा. जा घेऊन तिले. पन अंधार पडाच्या आत." तुम्ही एवढे हसले की बांधावरचे बैल दचकले. माय आजही म्हणते, त्या दिवशी दीडपट काम झालं, पण घरात हसण्याचा आवाज लय दिवसांनी आला होता.

तर असा समोरचा संघ. आम्ही कॉलेजच्या समोर उभं राहायचं, त्यांच्यासोबत रोज खेळायचं, आणि स्पर्धा आली की त्या गाडीत बसून जायच्या, आम्ही गवत कापायला जायचो. मला वाईट वाटत नव्हतं सर. खरं सांगते. तुम्हाला वाटायचं की मला वाईट वाटतं.

एका वर्षी तुम्ही हरून आले ते मला सगळ्यात जास्त आठवतं. सेमीफायनलला पडले होते. पोरी मान खाली घालून मैदानात बसलेल्या. मला वाटलं, त्यांना बोलणी बसणार. तुम्ही त्यांना ओलांडून सरळ माझ्याकडं आले.

"तुझ्यापायी हरलो आपन."

मी तर तिथं गेलेही नव्हते!

"तू दोन झुकांड्या देते अन् खांबाच्या डाव्या अंगानंच निघते. रोज डाव्या अंगानंच. ह्या माह्या पोरी तिथं अकोल्याच्या पोरींच्या मांगं अशा लागल्या, जशी सगळी अकोल्याची टीम कांचनच हाये. डावीकडं जाऊन वाट पाहून राह्यल्या. अन् त्या निघाल्या उजवीकडून!"

पूनम तेव्हा संघात नवीनच होती. ती खालमानेनं म्हणाली, "हो ना सर. मले वाटलं आता ही कांचनसारखी वळन. वळलीच नाई बाई ती." आणि तिला हसू फुटलं. मग सगळ्याच हसायला लागल्या, हरलेल्या पोरी. मी एकटी रडत होते. पण तुम्हाला सांगू का, घरी जाताना रस्त्यात माझ्या लक्षात आलं की युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत एक संघ माझ्यामुळं हरला. म्हणजे मी तिथं होते. न जाता होते. त्या रात्री मायनं विचारलं, "कायले हसते?"

त्यानंतर तुमचं नवीनच सुरू झालं. कुठलाही सामना असला की तुम्ही जाऊन बसायचे, दुसऱ्यांच्या पळणाऱ्या पोरी पाहायचे आणि परत येऊन मला सांगायचे, "आज तू अकोल्याची उंच पोरगी हो. ती सरळ पळत येते, छाती पुढं काढून, अन् अगदी खांबापाशी आली का बसते. बस अशी. अजून खाली." दुसऱ्या आठवड्यात, "आज यवतमाळची. ती घाबरल्यासारखं करते, पन घाबरत नाई." मी म्हटलं, "मंग मी ते कसं करू? मी तं खरंच घाबरते." तुम्ही म्हणाले, "मंग उलटं कर. तू भित असताना न भेल्यासारखं पळ. लोक इकडून तिकडं जातात, तू तिकडून इकडं ये."

न पाहिलेल्या किती पोरी मी झाले सर. त्यांची नावं मला माहीत नव्हती. त्यांची चप्पल कशी, घर कसं, काही नाही. फक्त पळणं. पळता पळता कधी कधी मला वाटायचं की अमरावतीच्या त्या पोरीच्या पोटरीत गोळा येत असेल, कारण माझ्या यायला लागला होता. आणि आपल्या पोरी त्या सगळ्यांना आपल्या मैदानावर एकदा पकडून मगच स्पर्धेला जायच्या. तिथं गेल्यावर त्यांना काही नवीन नव्हतं. सगळे म्हणायचे, एवढ्या लहान कॉलेजनं ढाल कशी नेली? तुम्ही म्हणायचे, "आमच्याइथली माती काळी हाये, पाय घट्ट धरते." आणि आमच्याकडं पाहून डोळा मिचकावायचे.

स्पर्धा मॅटवर व्हायला लागल्या तेव्हाही असंच. पोरी मॅटवर घसरल्या, तुम्ही खामगावच्या कापसाच्या जिनातून जुनं बारदान आणलं, आणि आम्हा समोरच्यांना सुईदोरा दिला. गोणपाट शिवून मैदानभर अंथरलं. सगळ्यांचे गुडघे सोलले. प्राचार्यांना वाटलं, धान्य वाळत घातलंय.

ज्या वर्षी फायनल जवळच्या गावाला झाली, त्या वर्षी तुम्ही भाड्याच्या टेम्पोत आम्हालाही बसवलं. मी पहिल्यांदा मॅट पाहिली, पहिल्यांदा एवढी माणसं पाहिली. आणि समोरून अकोल्याची ती उंच पोरगी आली. सर, मला कोणी दाखवली नाही. पाठमोरी होती. ती चालताना उजवा खांदा जरा खाली सोडते, तुम्ही मला सांगितलं होतं, तीन महिने मी तो खांदा खाली सोडून पळत होते. वाटलं, जाऊन तिला सांगावं, बाई, मी तू आहे. ती मैदानात उतरली, सरळ आली, खांबापाशी खाली बसली. पूनम तिथं आधीच होती. पाठीवर थाप. गडी बाद. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला त्या पोरीचं वाईट वाटत होतं. तिला कळलंच नसेल की आपल्याला कोणी कसं ओळखलं.

फोटोच्या वेळी तुम्ही हाक मारली, "समोरच्या पोरीहो, या इकडं!" मी गेले नाही. बाकीच्या गेल्या, मी नाही. तिथून आपलं भांडण सुरू झालं, सर, आणि ते अजून संपलं नाही.

तुमचं म्हणणं एकच. सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी दे, मग बारावी दे, कॉलेजात ये, आणि मग स्वतःच्या नावानं खेळ. "वय हाय तुझं. दुसऱ्याइच्या पोरी होऊन किती दिवस पळशीन?" मी म्हणायची, मला परीक्षेची भीती वाटते. तुम्ही म्हणायचे, खोटं. मग मी म्हणायची, मळा आहे. तुम्ही म्हणायचे, जुड्या मी बांधतो. मी म्हणायची, माय तुम्हाला मळ्यात येऊ देणार नाही. असं हसण्यावारी जायचं. पण एक दिवस मी खरं काय ते बोलले.

"मी आत गेली तं समोर कोन उभं राहीन?"

तुम्ही शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, ती गुंडाळायची थांबली. मी पुढं म्हटलं, "तुमाले वाटते आमी बाहेर हाव. आमाले नाई वाटत तसं, सर. दोन बाजूइशिवाय खो-खो होते का? आमी एक बाजू हाव."

तुम्ही दोरी बोटावरून सोडवली. मग म्हणाले, "बराबर बोलली. पन माह्यंही बराबर हाये. उद्या सांगतो तुले."

उद्या तुम्ही सांगितलं नाही. नंतर मीही विचारलं नाही. त्यात माझं लग्न जमलं, आणि मी सुरतेला आले.

इथं मी काय करते ते तुम्ही दर वेळी विचारायचे आणि मी दर वेळी सांगायची, खडे चिकटवते. तुम्ही म्हणायचे, "बोटं चालू ठेव, बोटातूनच खो जाते." इथली खोली लहान आहे. मी दोनदा उठून पाहते गॅस बंद आहे का. ह्यांना कामावरून यायला उशीर झाला की मी खिडकीत. शेजारच्या गुजराती मावशी म्हणतात, तू एवढी कशाला घाबरतेस? त्यांना काय सांगू, माझ्या गावाकडं एक माणूस होता, तो म्हणायचा, कांचन भिते म्हणूनच सापडत नाही. रोज एक तास माझी भीती कामाला यायची, सर. ती जागा तुम्ही मला दिली होती. पुन्हा कुठं मिळाली नाही.

प्रत्येक सामना झाला की तुमचा फोन यायचा. कोण कशी पळाली, कुठं सापडली, सगळं सांगायचे, आणि मग, "तू असती तं कुठून निघाली असती?" मी डोळे मिटून सांगायची. गॅसजवळ उभं राहून मैदान दिसायचं. तुम्ही तिकडं समोरच्या नवीन पोरींना ते शिकवायचे. म्हणजे मी अजून पळतच होते.

शेवटच्या फोनला तुम्ही म्हणाले, "कांचन, त्या दिवशीच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं मले." मी म्हटलं, "कोनता प्रश्न?" मला माहीत होतं, तरी विचारलं. तुम्हाला बोलतं ठेवायला. तेवढ्यात खाली नळाला पाणी आलं, बायका बादल्या घेऊन पळाल्या. मी म्हटलं, "सर, पानी आलं, थोड्या वेळानं बोलते." तुम्ही म्हणाले, "हाव हाव, जा. पानी पहिले."

आपलं शेवटचं बोलणं पाण्याचं झालं.

आता पुढचं सांगते, जे तुम्हाला माहीत नाही.

तुम्हाला पोचवून आल्यावर आठवडाभरातच संध्याकाळी मैदानाच्या फाटकाला कुलूप लागायला लागलं. प्राचार्यांवर माझा राग नाही. ते पूनमला समजावून म्हणाले, "सर होते तोवर त्यांच्या जबाबदारीवर चालत होतं. बाहेरच्या मुलींपैकी कोणी पडली, हातपाय मोडला, तर मी कोणाला काय सांगू?" ते काही खोटं नाही. पण स्पर्धा तोंडावर आलेली. कॉलेजच्या पोरी मैदानात एकट्या, आणि समोरच्या पोरी तारेबाहेर उभ्या. पूनम आता कॅप्टन आहे, शेवटचं वर्ष तिचं. तिनं मला फोन केला.

"आमी आपसात खेळून राह्यलो व. चारजनी इकडं, चारजनी तिकडं. खो-खो नाई, लंगडी होऊन राह्यली. अन् तुमच्या पोरी दोन दिवस आल्या, आता नाई येत. कायले येतीन? समोरचा संघ मोडला म्हन आता."

मोडला. तो शब्द दिवसभर कानात राहिला. मी एक साडी उलट्या बाजूनं चिकटवली. सर, मी तुम्हाला विचारलं होतं, मी आत गेले तर समोर कोण? आणि मी तर सुरतेला आले, तरी समोर कोणीतरी उभं राहिलंच. माझ्या जागी धाकट्या पोरी आल्या, माझ्याहून चांगल्या पळायला लागल्या. हेच सापडलं होतं का तुम्हाला उत्तर? फोनवर हेच सांगणार होते का? मला नक्की कळणार नाही कधी. पण आता तुम्हीच नाही, तर सगळ्यांच्या समोरचं कोण?

संध्याकाळी मी बाबांना फोन लावला. बाबांकडं मी आजवर काही मागितलं नव्हतं. लग्नातही नाही. फोन वाजत होता तेव्हा वाटलं, उचलू नये त्यांनी.

"बाबा, सोयाबीन निघालं का?"

"निंघालं. काऊन?"

"हरभरा पेरला का?"

"पेरतो ना आता. ओल हाये तोवर टाका लागते. तुले काय कराचं? सुरतेत हरभरा लावतं का?"

मी एका दमात सांगून टाकलं. बांधाकडचं सपाट वावर, थोडे दिवस, पोरींना सरावाला. मला बाबांची विडी पेटल्याचा आवाज आला.

"अन् ओल गेल्यावर कोन पानी देईन, तुह्या कॉलेजच्या पोरी? पीक काय खो-खो खेळून येते?"

"नाई बाबा."

"मंग?"

तुम्ही असते तर काहीतरी बोलून हसवलं असतं. मी एवढंच म्हणाले, "बाबा, ह्या पोरी मोडतीन. कॉलेजच्याही अन् आपल्याही."

बाबांनी विचारलं, "जागा किती लागते?"

"बांधाच्या धुऱ्यापासून बोरीच्या झाडापर्यंत. रुंदी त्याच्या अर्ध्यावर थोडी जास्त."

"एवढीच?" बाबा म्हणाले. "मले वाटलं अख्खं वावर मांगतेस." आणि फोन ठेवला.

सर, आता उलटं झालं. आधी आमच्या पोरी कॉलेजात जायच्या, आता कॉलेजच्या पोरी आमच्या वावरात यायला लागल्या. दीड मैल पायी. बाबांनी कडुलिंबाची दोन लाकडं तासली, गुळगुळीत होईपर्यंत घासली, खांब म्हणून गाडली. पोरी येता-जाता तुडवतील म्हणून बाकीचं वावरही पेरायचं थांबवलं. सोयाबीनची धसकटं टोचतात म्हणून मायनं आणि समोरच्या पोरींनी सगळी जागा हातानं वेचली. मला पूनमनं व्हिडिओवर दाखवलं. बाबा बांधावर बसून ओरडत होते, "अव उठ ना! बसली काय!"

फक्त एक गोष्ट कोणाजवळ नव्हती. समोरच्यांतल्या एका धाकट्या पोरीनं फोन हातात घेतला आणि मला विचारलं, "ताई, आमी कोन होऊ?"

मला आधी समजलं नाही.

"सर सांगत ना, आज अकोल्याची हो, आज वाशीमची हो. यंदा कोन कशी पळते, कोनीच नाई पाह्यलं. मंग आमी कोन होऊन पळू?"

सर, तेव्हा मला रडू आलं. पूनमच्या फोननंतर इतक्या दिवसांनी. एवढी मोठी युनिव्हर्सिटी, एवढ्या संघांच्या एवढ्या पोरी, आणि त्या सगळ्यांचं पळणं एका माणसाच्या डोक्यात होतं, ते तुमच्यासोबत गेलं. मी तिला म्हटलं, यंदा कोणी नका होऊ, जशा पळता तशाच पळा. मग रात्रभर वाटत राहिलं, मी चुकीचं तर नाही सांगितलं? मागच्यासारखं व्हायचं, आपल्या पोरी अकोल्याच्या सगळ्या पोरींना आपल्याच समोरच्या पोरी समजून बसायच्या. तुम्ही काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

स्पर्धा झाली, सर. आपण फायनलपर्यंत गेलो. फायनल हरलो.

पूनमचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. मी उचलताच म्हणाली, "थोडक्यात गेला व डाव." तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती नसेल. मी तिला काय बोलू? तुम्ही काहीतरी बोलले असते, माझ्यावर ढकललं असतं, कांचनपायी हरलो म्हणाले असते, आणि ती हसली असती. मला ते जमलं नाही. मग माझ्या कानावर मागचे आवाज आले. ती आमच्या वावरातूनच बोलत होती.

बाबांचा आवाज आला, "झालं ना आता? काढा ते खांब. मले पेराचं हाये."

कोणीतरी पोरगी म्हणाली, "काका, राहू द्या ना. उद्या येतो आमी."

"उद्या? उद्या काऊन? हारल्या ना तुमी?"

"हारलो म्हनूनच तं!"

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कॉलेजच्या कोणत्या आणि आपल्या कोणत्या ते फोनवर कळेना. बाबा चिडले होते, ओल चालली, तुमचं काय जाते, असं काहीतरी. पूनम म्हणाली, "थांब, मी बोलते मंग," आणि फोन बंद झाला.

सतरा नंबरच्या फॉर्मचं माझं अजून काही ठरलं नाही, सर. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? ह्यांना विचारलं आहे, ते हो म्हणतात. मीच अडकले आहे. आपलं भांडण तुमच्याशिवाय पुढं कसं न्यायचं ते मला समजत नाही. रोज दोघांच्या बाजूनं मीच बोलते, आणि रोज तुमची बाजू मला जरा जास्त खरी वाटते.

बाबांनी परवा हरभरा पेरला. माय फोनवर सांगत होती. तिफण पलीकडून आली की बोरीपाशीच वळायची. बोरीपासून बांधापर्यंतचा चौकोन तसाच, दोन खांबांसकट. रोडवरून जाणारे लोक थांबून विचारतात, पेरायचं राहून गेलं का? माय बाबांना म्हणाली, "भरल्या वावरात अशी उघडी जागा बरी नाई दिसत हो."

बाबा म्हणाले, "दिसू दे."